मी सांगेपर्यंत मीठ बंद

सन १९२९. मी एकोणीस वर्षांचा होतो. दिवाळीच्या आधी अंगभर खरूज उठली होती. ती सुकली, खपल्या पडल्या, आणि मग एका सकाळी माझे डोळेच उघडेनात. आईनं तोंड हातात धरून उजेडाकडं वळवलं आणि म्हणाली, "गांधीलमाशी चावली का रं?" माशी कसली. संध्याकाळपर्यंत पायात वहाण जाईना. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा, ओल्या खाचरात बैलाचा खूर उमटून राहावा तसा.

आमचं गाव भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या खोऱ्यात. मागं डोंगर, पुढं धरणाचं पाणी. धरण तेव्हा नवं होतं. भोरला जायची सपाटीची वाट पाण्याखाली गेली होती, आणि डोंगराच्या पोटातून काढलेल्या नव्या वाटेनं गाडीची हाडं खिळखिळी व्हायची. त्या वाटेनं, गाडीत पेंढा घालून त्यावर मला निजवून, आईनं मला भोरला डॉक्टरांकडं आणलं.

डॉक्टर म्हणजे आमच्या घरचेच. नाव लिहीत नाही. त्यांचा फोटो आज कचेरीत हार घालून लावलेला आहे आणि त्यांचं नाव घेऊन मिरवणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. मी सांगतोय ते फोटोच्या आधीचं. तेव्हा ते लांब काळा कोट घालायचे आणि तट्टावर बसून खोऱ्यात यायचे. माझा बाप तापानं गेला तेव्हा ते आमच्या ओसरीवर होते. औषध लागू पडलं नाही. दुसरा कोणी असता तर तट्टू सोडून निघून गेला असता. हे बसून राहिले. तापाची साथ होती, घरोघरी माणसं आडवी, तिरडी बांधायला हात पुरेनात. डॉक्टरांनी कोट काढून खुंटीला लावला आणि सुतळी ओढायला बसले. धाकटी बहीण तेव्हा आईच्या कडेवर होती. त्या दिवसापासून डॉक्टर बोलले की आमच्या घरात दुसऱ्या कोणी बोलायचं नाही, असं झालं.

दवाखान्यात त्यांनी माझी लघवी काचेच्या नळीत घेतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बघता बघता ती नासक्या दुधासारखी फाटली. पांढऱ्या गुठळ्या झाल्या. आई भिंतीला टेकली.

"ह्ये काय झालं वं डागदर?"

"अंगात राहायचं ते बाहेर चाललंय," डॉक्टर नळी उजेडात हलवत म्हणाले. "आतली गाळणी बिघडलीय याची. झोपवून ठेवा. दूध, भात, भाकरी, गूळ द्या. आणि मीठ बंद."

"कमी करू?"

"कमी नाही बाई, बंद. चटणी नाही, लोणचं नाही, ताकातसुद्धा चिमूट नाही."

"कवर?"

डॉक्टर तोवर पुढच्या पेशंटची जीभ बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "मी सांगेपर्यंत."

हे दोन शब्द वाचणाऱ्यानं नीट ध्यानात ठेवावेत. माझं पुढचं सगळं त्यातच अडकलं.

आता आमच्या खोऱ्यातली एक रीत सांगितली पाहिजे. वेल्ह्याकडं किल्ल्याच्या पायथ्याला एक भगत होता. ताप हटेना, जनावर दूध देईना, की लोक त्याच्याकडं जायचे आणि तो मंतरलेला काळा दोरा बांधायचा. बांधताना म्हणायचा, मी सोडीन तेव्हाच सोडायचा. माणूस ठणठणीत बरा झाला तरी दोरा दंडावर काळाकुट्ट होऊन तसाच राहायचा. एका बाईनं कंटाळून नवऱ्याचा दोरा विळीवर कापला आणि आठवड्यात त्याला लकवा झाला, ही गोष्ट आईनं मला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितली होती की तो लकवा झालेला माणूस मी बघितलाच आहे असं मला वाटायचं. बांधणारा हात आणि सोडणारा हात एकच पाहिजे. डॉक्टरांनी दोरा बांधला नव्हता, मीठ बांधलं होतं. आईच्या हिशेबी फरक काही नव्हता. आणि खरं सांगतो, माझ्याही नव्हता.

महाशिवरात्रीपर्यंत माझी सूज उतरली. पाय पहिल्यासारखे झाले, वहाण जायला लागली. मिठाची आठवण तेव्हा इतकी यायची की गोठ्याच्या भिंतीचा खारट ओलावा बैल चाटायचे, त्यांचासुद्धा हेवा वाटायचा. पाडवा झाल्यावर मी चालत भोरला गेलो, मीठ सोडवून घ्यायला.

दवाखान्याला कुलूप. पायरीवर कंपाउंडर बाटल्या धूत बसला होता.

"डॉक्टर कुठं हायत?"

"गेले."

"कुठं गेले?"

"वरंध घाट उतरून कोकणात. समुद्रावर. मीठ करायला."

मला वाटलं थट्टा करतोय. "मीठ करायला? माझं बंद करून?"

कंपाउंडर इतका हसला की हातातली बाटली फुटली. मग त्यानं मला समजावलं. सरकारचा मिठाचा कायदा मोडायची चळवळ उभी राहिली होती, आणि आमचे डॉक्टर कोट उतरवून, खादी घालून, त्यात गेले होते. "आता ते काही लवकर येत नाहीत," तो म्हणाला. "तुझी सूज गेलीय. खा तू मीठ."

"तुमी कोण सांगणारे?"

"अरे, मी कंपाउंडर आहे. रोज त्यांच्या हाताखाली..."

"बंद त्यांनी केलंय. त्येच सांगतील."

मी परत फिरलो. दुसरीत असताना मास्तरांनी विनाकारण मारलं म्हणून मी शाळा सोडली होती. मास्तर घरी बोलवायला आले, तरी गेलो नाही. असा मी. त्यात आता आईचा दोरा.

डॉक्टर पकडले गेले. तुरुंगातून सुटले ते थेट संस्थानच्या कारभाराविरुद्ध बोलायला लागले. वेठ बंद करा, प्रजेला विचारून कारभार करा. तेव्हा भोरचं राज्य राजाचं होतं. दरबारानं त्यांना हद्दीत पाऊल ठेवायची बंदी केली. ते पुण्याला राहिले. मोठे झाले. त्यांच्या सभांची बातमी बाजाराच्या दिवशी खोऱ्यात यायची, आणि मी भाताच्या बांधावर उभा राहून ऐकायचो. लोकांना वाटायचं ह्याला चळवळीची गोडी आहे. मी एवढंच ऐकत होतो की ते परत येणार आहेत का.

आता हसण्यावारी नेऊ नका. मीठ न खाणाऱ्या माणसाला हे जग बंद होतं. माझ्या वयाची पोरं मुंबईला गिरणीत गेली, गोदीत गेली. मीही गेलो एकदा. खानावळीच्या बाईला सांगितलं, माझं कालवण मीठ टाकायच्या आधी काढून ठेवा. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चाळीस माणसांत तुझं एकट्याचं वेगळं? मी काय तुझी आय लागते?" चार दिवस चहात भाकरी बुडवून खाल्ली आणि परत आलो. डोंगर मागं, पाणी पुढं, मी मधे. गावात मला अळणीबुवा नाव पडलं. लग्नाच्या पंगतीत मी बसलो की वाढपी ओरडायचा, "बुवाच्या पानावर जिलबीच टाका रं, दुसरं काय चालत न्हाई!"

एकदा तर संस्थानचा फौजदार आला. त्याला कोणीतरी चुगली केली होती की खोऱ्यात एक माणूस मिठाच्या चळवळीपासून मीठ खात नाही. त्यानं चावडीवर बोलावून विचारलं, "मीठ कुणाच्या सांगण्यावरनं सोडलं?"

मी म्हणालो, "डॉक्टरांच्या."

"कोणत्या डॉक्टरच्या?"

मी नाव सांगितलं. दिवसभर चावडीत बसवून ठेवलं मला. मी सगळं खरं बोलत होतो, आणि जितकं खरं बोलेन तितका फौजदार तापत होता. लघवीची नळी, स्पिरिटचा दिवा, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बनाव चांगला रचलायस." त्या दिवसापासून अर्धं गाव मला रोगी समजायला लागलं आणि अर्धं चळवळीतला. मी कुणाला समजवायला गेलो नाही. शंभर दारं कुठं हिंडू?

आईनं पुढं नाद सोडला. "खा बाबा," म्हणाली, "माझं चुकलं समज." मी खाल्लं नाही. गाठ तिनं मारली होती, ती सोडायला आली तेव्हा माझ्या हातांनी ती आणखी आवळलेली होती. गावानं इतकी वर्षं हसून घेतल्यावर आता गुपचूप मीठ खायचं? मग ते हसले ते बरोबर, असंच झालं ना.

ह्या सगळ्यात भरडली कोण, तर धाकटी बहीण. आई थकल्यावर चूल तिच्याकडं आली. कालवणाला उकळी आली की मीठ टाकायच्या आधी ती माझं एका काळ्या डेचकीत काढून ठेवायची. रोज. न चुकता. माझ्या बाजूनं भांडायचीही तीच. पण रागावली की म्हणायची, "दादा, माझ्या सासरी ही डेचकी आंदण देऊ नगंस म्हंजी झालं."

सासरचीच तर अडचण होती. आमच्याकडं सोयरीक जुळवताना दोन्हीकडची माणसं एका पंगतीत बसतात. बाप नाही म्हटल्यावर आमच्या बाजूनं बसायचं मी. किकवीकडचं एक स्थळ आलं होतं. चांगलं होतं. मी पानावर बसलो, भात आणि गूळ खाल्ला, कालवणाला हात लावला नाही. नवऱ्या मुलाचा चुलता हात धुताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या घरचं मीठ ह्याला चालंना, आन ह्याची बहीण आमाला चालवायची व्हय?" सोयरीक तिथंच मोडली. पुढचं स्थळ तर घरीच आलं नाही. त्या घरात रोग आहे, भाऊ आतून सडलाय, असं कोणी त्यांच्या कानात घातलं. बहिणीच्या बरोबरीच्या मुली दोन-दोन लेकरं घेऊन माहेरपणाला यायला लागल्या. ती पाणवठ्यावर त्यांची लेकरं खेळवायची आणि घरी येऊन डेचकी घासायची. माझंही लग्न अडलेलंच होतं. तिचं झाल्याशिवाय मी करणार नव्हतो.

मग सन १९३८ च्या सुमाराला वेल्ह्याकडचं एक स्थळ आलं. मुलाचा बाप लढाईवर जाऊन आलेला, मिशीला पीळ, बोलणं कडक. त्यानं आडवळण घेतलं नाही. आमच्या ओसरीवर बसून म्हणाला, "पाव्हणं, पोरगी मला पसंत हाय. तुमच्या मिठाचं मात्र मला कळू द्या. एक तर माझ्या शेजारी बसून मिठाचं जेवा, न्हाईतर डागदरच्या तोंडनं मला ऐकवा की तुमाला रोग न्हाई. ह्ये दोन्ही न्हाई, तर रामराम."

"डागदरला हद्दीत यायला बंदी हाय."

"मग आपण हद्दीबाहेर जाऊ."

योग असा की त्याच महिन्यात डॉक्टरांची सभा होती. संस्थानात सभा घ्यायला मनाई, म्हणून सारोळ्याच्या पुढं नीरेचा पूल ओलांडून, पलीकडच्या इंग्रजी मुलखात ठेवली होती. संस्थानची प्रजा पूल ओलांडून सभेला जायची आणि संस्थानचे शिपाई अलीकडं उभं राहून चेहरे बघायचे. "मी बरोबर येतो," पाहुणा म्हणाला. "तुमच्या तोंडचं परत येऊन ऐकणार न्हाई."

निघताना बहीण दारात आली. डेचकी पालथी घालून ठेवली, एवढंच. आज ती लागायची नाही, असं तिला म्हणायचं असावं.

आम्ही भोरपर्यंत चालत आणि पुढं सर्व्हिस मोटारीनं गेलो. पूल ओलांडताना एक शिपाई ओरडला, "ए अळणीबुवा, तू बी का?" म्हणजे माझी कीर्ती तिथवर गेली होती.

मैदानात माणूस मावेना. फळ्यांचा मंच, त्यावर डॉक्टर. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला, पण मान तशीच वाकडी करून ऐकायची सवय. मला एकदम बरं वाटलं. आता सुटलो, असं वाटलं. पाहुण्याला पुढच्या ओळीत बसवून मी मंचाच्या पायरीशी गेलो. तिथं एक टोपीवाला कार्यकर्ता उभा होता.

"काय काम आहे बाबा?"

"डॉक्टरांना भेटायचंय. मिठाचं हाय."

"मिठाचं काय?"

"मी मीठ खात न्हाई. त्येंच्या सांगण्यावरनं."

त्याचे डोळे मोठे झाले. "कधीपासून?"

"डॉक्टर समुद्रावर मीठ करायला गेले, त्येच्या आधीपासनं."

"इतकी वर्षं? कणभरही नाही?"

"फौजदारानं दिवसभर चावडीत बसवलं, तवाबी न्हाई. त्यांनी सांगितल्याबिगर कसं खाऊ?"

एवढंच बोलणं झालं. यात खोटा शब्द कुठं आहे तो दाखवा मला. कार्यकर्ता धावत वर गेला, डॉक्टरांच्या कानाशी लागला. डॉक्टरांनी हातानं खूण केली, आणि दोघांनी मला काखेत हात घालून मंचावर चढवलं. माझ्या वहाणा खालीच राहिल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं नाही. बरोबर आहे, त्यांनी मला शेवटचं बघितलं होतं तेव्हा माझं तोंड भोपळ्यासारखं होतं. त्यांनी सुताचा हार उचलला आणि माझ्या गळ्यात घातला. मग लोकांकडं वळून ते बोलायला लागले.

"हा आपल्या खोऱ्यातला शेतकरी. मिठाच्या चळवळीपासून यानं जिभेला मीठ लावलेलं नाही. चावडीत डांबलं तरी हा डगमगला नाही. आम्ही तुरुंगात गेलो, आम्हाला निदान मीठ घातलेली आमटी मिळत होती. यानं घरात राहून तुरुंग सोसला. मी तुम्हाला सांगतो, स्वराज्य येईपर्यंत हा माणूस मीठ खाणार नाही!"

अशा टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. नदीच्या पलीकडच्या शिपायांनाही ऐकू गेल्या असतील. मी तोंड उघडलं. काय बोलणार? समोर हजार माणसं, गळ्यात सूत. मी सोडवून घ्यायला आलो होतो, आणि त्याच हातानं दुसरा दोरा बांधला होता, पहिल्यापेक्षा जाड. पहिल्या ओळीत माझा पाहुणा उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याची मिशी थरथरत होती.

सभा उठल्यावर डॉक्टर मंचामागं आंब्याखाली बाजेवर बसले होते. मोटार उभी होती, त्यांना पुढं दुसऱ्या सभेला जायचं होतं. मी माणसं ढकलत त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. पाय बाजेच्या कडेवर ठेवला आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं.

कार्यकर्ता ओरडला, "अहो, काय हे!"

पण डॉक्टरांचा हात आपोआप पुढं आला. अंगठा नडगीवर टेकला, दाबला, सोडला. खड्डा पडला नाही. त्यांनी पुन्हा दाबला. मग हळूच वर बघितलं.

"तू... खरूज झाली होती. आई बरोबर होती. नळीत दुधासारखं फाटलं होतं."

"व्हय."

"तुझं मीठ मी बंद केलं होतं."

"व्हय."

"अरे, ते तीन-चार महिन्यांपुरतं होतं!"

"तुमी म्हणाला, मी सांगंपर्यंत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. कार्यकर्त्यानं मोटारीकडं बोट दाखवलं, तर त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"आणि दुसऱ्या कुणाला विचारलं नाहीस?"

"कंपाउंडर खा म्हणाला. त्येनं कुठं बंद केलं हुतं?"

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "खा. आजपासून खा. मी सांगतो."

इतकी वर्षं जे ऐकायला थांबलो होतो ते हेच. आणि मला राग आला. "हितं नगा सांगू," मी म्हणालो. "तुमी हजार माणसांत बांधलंय. तितंच सोडा. झाडामागं कशापायी?"

"आत्ता वर जाऊन हे सांगितलं तर लोक हसतील."

"मला आजवर हसत्यातच की."

"तुला नाही," डॉक्टर म्हणाले. "मला."

असं सरळ बोलणारा पुढारी मी नंतर पाहिला नाही. त्यांनी चष्मा घातला, बाजेवरून उठले आणि म्हणाले, "हसू देत. चूक माझी आहे. चल वर. थांबवा रे लोकांना!"

खरंच निघाले होते ते. दोन पावलं टाकलीसुद्धा. तेवढ्यात माझा पाहुणा गर्दी फोडून आला. त्यानं आधी डॉक्टरांच्या पायाला हात लावला, मग मला कवेत घेतलं. त्याच्या कोटाची बटणं माझ्या छातीत रुतली.

"सोयरं!" तो ओरडला. पाव्हणं नाही, सोयरं. "मला रोग वाटला हुता वं! मला काय ठावं! सबूद द्यावा तर असा. माझ्या घरात ह्या घरचीच पोरगी येणार. उद्याच सुपारी फोडू. माझी मालकीण तुमचं अळणी वेगळं रांधंल, जलमभर रांधंल!"

डॉक्टर थांबले. त्यांना काही उमजेना. मी त्यांच्याजवळ गेलो आणि हळू आवाजात सांगितलं की हा माझ्या बहिणीचा सासरा व्हायचाय, आणि तिची लग्नं ह्या मिठापायीच मोडली होती.

"जिला कडेवर घेऊन तुझी आई..." त्यांना आमची ओसरी आठवली होती.

"तीच."

"मग? जाऊ वर का नको? तू म्हणशील तसं."

मंचाकडं बघितलं. लोक परत गोळा होत होते. पाहुणा मिशीवरून हात फिरवत माझ्याकडं बघून हसत होता. वर गेलो असतो तर मी सुटलो असतो. डॉक्टरांना हसले असते, पाहुणा खाली मान घालून निघून गेला असता, आणि घरी पालथी डेचकी होती.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "स्वराज्य आलं की मी तुझ्या घरी जेवायला येईन," ते म्हणाले. "माझ्या हातानं तुझ्या पानात मीठ वाढीन." मोटार निघून गेली. धुळीत मी माझ्या वहाणा शोधल्या. एक मिळाली, एक कोणीतरी घालून गेला होता.

पाहुणा वस्तीला आमच्याच घरी आला, सकाळी सुपारी फोडून खिंडीतून वेल्ह्याला जाणार म्हणून. दिवेलागणीला तो ओसरीवर आईला सभा सांगत बसला, मी केलेली आणि न केलेली सगळी बहादुरी लावून. मी चुलीपाशी जाऊन बहिणीला खरं ते सांगितलं. ती पीठ मळत होती. हात थांबला नाही.

"म्हंजी डागदरनं सोडलं?"

"सोडलं."

"आन तू पुन्हा बांधून घेतलंस?"

"घेतलं."

"माझ्यापायी?"

"तुझ्यापायी कसलं? माझा सबूद हाय."

"सबूद तुझा न्हाईच. डागदरचा हाय. तू नुस्ता त्येच्या खाली उभा ऱ्हायलायस." गोळा परातीत आपटून ती म्हणाली, "उद्या सुपारी फुटंल, दोन महिन्यांत मी नांदायला जाईन. तू बस हितं अळणी." मग पालथी डेचकी तिनं सरळ केली आणि माझं काढून ठेवलं. मी खाल्लं. रोजच्यासारखंच होतं, म्हणजे कशासारखंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला आम्ही दोघं शेजारी बसलो, पाहुणा आणि मी. भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. पाहुण्याला मोठ्या भगुण्यातलं वाढलं आणि मला काळ्या डेचकीतलं. पाहुणा डेचकीकडं देव्हाऱ्याकडं बघावं तसा बघत होता. मी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि तोंडात घातली.

मीठ होतं.

अंदाजानं नाही, पुरेपूर. जीभ जळाल्यासारखी झाली. कानाच्या मागं, जबड्याच्या खोबणीत कळ उठली, आणि तोंडात पाणी इतकं सुटलं की ओठ मिटून धरावे लागले. मी वर बघितलं. बहीण चुलीपुढं पाठमोरी बसली होती, फुंकणीनं जाळ घालत. जाळ चांगला पेटलेला होता, फुंकायची काही गरज नव्हती.

"कसं उतरतं वं सोयरं, अळणी?" पाहुणा विचारत होता. "मला तर घासभर जायचं न्हाई."

मी घास गिळला. चेहरा हलू दिला नाही.

"सवय झालीय," मी म्हणालो आणि डेचकी बहिणीच्या दिशेनं सरकवली. "वाढ आणखी."